टेस्टिंगमध्ये पीएचडी म्हणजे बटणं दाबणं नाही

परत सॉफ्टवेअर टेस्टिंगवरचा तो मेसेज फिरतोय. "टेस्टिंगमध्ये पीएचडी कशाला, बटणं दाबायला डॉक्टरेट लागते का? प्रोफेसर पेपर छापतात, ते कपाटात पडतात, इंडस्ट्रीला काडीचा उपयोग नाही, आणि भारतात तर स्कोपच नाही." आमच्या टीममधल्या एका मुलीला याच विषयात पीएचडीला जायचंय, तिला मामांनी हाच मेसेज पाठवला आणि ती दोन दिवस गप्प होती, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

आधी बटणं. समजा कोडमध्ये आहे, वय >= 18 असेल तर फॉर्म पुढे जाऊ दे. तुम्ही 25 टाकलं, गेला, 10 टाकलं, अडवला, कव्हरेज, म्हणजे टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला ते, 100 टक्के, रिपोर्ट हिरवागार. आता त्या >= चा कोणी चुकून नुसता > केला तर? तुमच्या दोन्ही टेस्ट तरीही पास होणार, आणि बरोब्बर 18 वर्षांच्या पोराचा फॉर्म अडकणार. मग टेस्टच धड आहे की नाही हे कशावरून ठरवायचं? हा प्रश्न बटणं दाबून सुटत नाही हो. डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांनी 1978 मध्ये यावर पेपर लिहिला, की कोडमध्ये अशा बारक्या चुका मुद्दाम पेरायच्या आणि आपल्या टेस्ट त्या पकडतात का बघायचं. हेच म्युटेशन टेस्टिंग. आज गूगलमध्ये कोड रिव्ह्यू करताना, म्हणजे एकाचा कोड दुसरा तपासतो तेव्हा, हे वापरतात. वेळ खूप लागला हे खरंय, पण पेपर कपाटात पडला असं कसं म्हणायचं?

आणि कपाटाचंच म्हणाल तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे बार्टन मिलर बघा. 1988 मध्ये एका वादळी रात्री ते घरून फोनलाइनवर युनिव्हर्सिटीच्या युनिक्स (एक ऑपरेटिंग सिस्टिम) मशीनवर काम करत होते, लाइनवरच्या खरखरीमुळे भलतीच अक्षरं घुसायला लागली आणि रोजच्या वापरातले प्रोग्रॅम धडाधड क्रॅश व्हायला लागले. दुसरा कोणी असता तर लाइनला शिव्या घालून झोपला असता, यांनी वर्गातल्या मुलांना त्याचाच प्रोजेक्ट दिला. 1990 च्या पेपरमध्ये आकडा आला, युनिक्सच्या ज्या ज्या व्हर्जनवर तपासलं तिथे 25 ते 33 टक्के युटिलिटी, म्हणजे हेच छोटे रोजचे प्रोग्रॅम, नुसत्या रँडम इनपुटने कोलमडल्या. यालाच आज आपण फझिंग म्हणतो. 2016 पासून गूगल ओएसएस-फझ या सेवेतून ओपन सोर्स प्रोजेक्टवर हे सतत चालवतंय, म्हणजे तुमच्या फोनमधल्या कोड लायब्रऱ्यांपर्यंत (अॅप जो तयार कोड वापरतात तो) ते पोचलंय.

प्रोफेसर इंडस्ट्रीपासून लांब असतात म्हणे. लंडनच्या यूसीएल युनिव्हर्सिटीचे मार्क हार्मन, यांनी 2001 मध्ये सर्च-बेस्ड सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग (असंख्य पर्यायांतून चांगला पर्याय कॉम्प्युटरलाच शोधायला लावणं) हे नाव रूढ केलं, पुढे सहकाऱ्यांबरोबर अँड्रॉइड अॅपच्या टेस्ट आपोआप तयार करणारं सॅपियन्झ बनवलं, 2017 मध्ये ते घेऊन फेसबुकमध्ये गेले आणि यूसीएलमधली प्रोफेसरकीही अर्धवेळ चालू ठेवली. स्वीडनमधल्या प्रोफेसर जॉन ह्यूजनी सहकाऱ्याबरोबर क्विकचेक, म्हणजे रँडम इनपुट आपोआप बनवून कोड तपासणारं टूल, बनवलं आणि नंतर त्याचीच कंपनी काढली.

भारतात स्कोप नाही म्हणणाऱ्यांनी पुण्यात टीआरडीडीसीचं नाव ऐकलेलं दिसत नाही. टाटांची ही संशोधन संस्था 1981 मध्ये सुरू झाली, आणि कोड अॅनालिसिस, व्हेरिफिकेशन (कोड बरोबर आहे हे सिद्ध करणं) यावर तिथे वर्षानुवर्षं काम झालंय. जागा कमी आहेत हे मान्य. पाच-सहा वर्षं स्टायपेंडवर काढायची, बरोबरीचे मित्र फ्लॅट घेत असताना आपला पेपर तिसऱ्यांदा रिजेक्ट होतो, तेही मान्य, आणि मेसेजमध्ये एवढंच असतं तर मी काहीच बोललो नसतो.

त्या मुलीने काल आमच्याच एका मॉड्यूलमध्ये पाच चुका पेरून बघितल्या. दोन आमच्या एकाही टेस्टने पकडल्या नाहीत, आणि तो रिपोर्ट तिने मामांना पाठवून दिलाय.