रँकिंगच्या आधी फी बघा
लेखात रँकिंग बघून परदेशातली बी-स्कूल, म्हणजे मॅनेजमेंटची कॉलेजं, निवडा म्हटलंय, पण आमच्या डोंबिवलीच्या घरात आधी कर्जाचा हप्ताच बघावा लागतो हो. माझ्या भाचीला एका एजंटने फक्त स्वतःला कमिशन मिळणारीच कॉलेजं सांगितली, जर्मनीचं नावसुद्धा काढलं नाही, फार राग आला मला. जर्मनीतली मानहाइम युनिव्हर्सिटी सरकारी आहे, मॅनेजमेंटचं मास्टर्स इंग्रजीत करता येतं, युरोपबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला साधारण १५०० युरो फी आणि व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये ठेवावे लागतात पण ते आपलेच पैसे, तिकडे गेल्यावर महिन्याला थोडे थोडे मिळतात. फक्त नोकरीसाठी जर्मन भाषा हवीच, ती इथेच काळा घोड्याला मॅक्सम्युलर भवनात आत्तापासून सुरू करा, जर्मनीत पोचल्यावर अभ्यासातून वेळ मिळत नाही.