आबांचा हयातीचा दाखला

आबा गेले त्याला दीड महिना झाला. त्या दिवशी फॅमिली ग्रुपवर आणि सगळ्यांच्या स्टेटसला इतके बॅनर फिरले की विचारू नका, आबांचा पासपोर्ट फोटो, मागे रणगाडे, वर फायटर विमान, खाली 'शूर योद्ध्यास भावपूर्ण श्रद्धांजली'. पाठवणाऱ्यांचं प्रेम खरं आहे, त्याबद्दल शंकाच नाही. पण आबा पायदळातले हो, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण, रणगाड्यात बसलेच नाहीत कधी. चालले ते. युद्धाबद्दल त्यांनी आपणहून जे काही सांगितलं ते पण चालण्याबद्दलच.

१९७१ च्या युद्धात जमालपूरला होते, तेव्हाचा पूर्व पाकिस्तान, आताचा बांगलादेश. आम्ही पोरं लहानपणी एकच विचारायचो, आबा किती मारले? मोजायला वेळ नव्हता म्हणायचे आणि रेडिओ लावायचे. पुढे मी वाचून माहिती काढली, की आपल्या ब्रिगेडियर साहेबांनी पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली तर त्याने उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, मग दुसऱ्या दिवशी रात्री त्यांचे लोक वेढा फोडून निघायला बघत होते ते नेमके जंगी पलटणच्या पुढ्यात आले आणि ११ डिसेंबरला जमालपूर पडलं. एवढं सगळं मी उत्साहाने सांगायला गेलो तर म्हणाले, असेल बाबा, चिठ्ठ्या साहेब लोकांच्या, आम्ही खड्ड्यात होतो. मग बऱ्याच वेळाने, मी उठायला लागलो तेव्हा, बूट ओले होते रे. नदी ओलांडताना भिजले ते काढलेच नाहीत, काढले तेव्हा मोज्याबरोबर कातडं आलं.

तेरा दिवसांचं युद्ध म्हटलं की चिडायचे. तेरा दिवस तुमच्या रेडिओचे, आम्ही त्याआधीपासून बॉर्डरवर चिखल तुडवत होतो. शरण आलेल्या ९३ हजार पाकिस्तानी कैद्यांचा आकडा मला पाठ, त्यांना त्यातला एकच आठवायचा, जो तंबाखू मागत होता. दिलीत का? दिली की, चुना पण दिला.

माझं स्पष्ट मत आहे, आपल्याला फौजी माणूस बॅनरपुरता हवा असतो. त्याचं कातडं निघालेलं ऐकायला कुणाला वेळ नसतो. मी काय वेगळा नाही, कॉलेजला असताना आबा सुरू झाले की मी मोबाईल काढायचो, आणि त्यांना ते दिसायचं, मग ते मध्येच थांबून पाणी मागायचे.

आता मूळ मुद्दा, दाखल्याचा. पेन्शन चालू राहायला दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला लागतो. आबा म्हणायचे, सरकारला आपली काळजी आहे, वर्षातून एकदा विचारतं मेलास का म्हणून. मध्ये बोटांच्या ठशाचं मशीन आलं तर यांचे ठसेच उमटेनात, बोटं पार गुळगुळीत झालेली. मग मोबाईलवर चेहरा दाखवून व्हायला लागलं तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, दाढी केलेली, खुर्चीत ताठ, नजर समोर. ॲपला पापणी मिटलेली लागते आणि आबा मिटायला तयार नाहीत. म्हटलं आबा, पापणी हलवा की. तर ओठ न हलवता म्हणतात, फोटोत हलायचं नसतं. तीन वेळा फेल. चौथ्यांदा आजी मागून म्हणाली, अहो ती परेड संपली कधीच, आणि ते हसले, त्यात झाला दाखला.

सध्या आजीच्या फॅमिली पेन्शनचे कागद फिरतायत. आबांच्या फौजेच्या डिस्चार्ज बुकात तिचं नाव एक, आधारवर दुसरं, त्यापायी चार चकरा झाल्या, तिथल्या लोकांबद्दल इथे लिहीत नाही, शिव्या बाहेर पडतील.

परवा १ तारखेला सकाळी फोनवर रिमाइंडर वाजला, 'आबा दाखला'. डिलीट करायचा राहिला होता. आजीने विचारलं काय रे, तर मी सांगून टाकलं. म्हणाली, मग आता माझा काढायचा ना? म्हटलं अगं तुझी पेन्शन सुरू तर होऊ दे आधी. पण तोवर तिने खुर्ची ओढली होती, पदर नीट केला आणि ताठ बसली, नजर समोर. मी मोबाईल धरला. ॲप उघडलंच नाही, नुसता फोटो काढला. पापणी हलली नाही तिची.