घरपट्टी थांबवा सांगणारा मेसेज खोटा आहे, आणि हिशोब मागायची जागा वेगळी आहे

सध्या सोलापुरातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही. म्हणणं थोडक्यात असं: महापालिकेनं ठरवलेली उद्दिष्टं गाठली की नाही हे तपासणारा कायदाच नाही. जे आकडे असतात ते आयुक्तांच्या केबिनबाहेर येत नाहीत. प्रशासक होते त्या वर्षांचा हिशोब कुणी मागूच शकत नाही. स्वच्छ सर्वेक्षणाचे क्रमांक विकत मिळतात. आणि म्हणून सोलापूरकरांनी घरपट्टी-पाणीपट्टी भरणं बंद करावं, कारण तीन वर्षं थकली की ती कायद्यानंच माफ होते.

हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोहोचला. आयुष्यभर विड्या वळून घर चालवलेली बाई. घरपट्टीसाठी बाजूला काढलेले पैसे तिनं परत डब्यात ठेवले आणि मला म्हणाली, "कशाला भरायचं रे आता, तीन वर्षांनी माफच होतंय म्हणतेत की सगळे." त्यानंतर गप्प बसणं जमेना.

शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण खरं नुकसान तिथं आहे.

तीन वर्षं कर थकवला की तो माफ होतो, अशी कुठलीही तरतूद महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात नाही. आहे ते याच्या नेमकं उलट. मुदतीत बिल भरलं नाही तर थकलेल्या रकमेवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते. दहा हजार थकले तर महिन्याला दोनशे, वर्षाला चोवीसशे. तीन वर्षांत सरळ हिशोबानं सात हजार दोनशे रुपये नुसती शास्ती, शिवाय मूळ दहा हजार आहेतच, आणि मधल्या प्रत्येक वर्षाचं नवं बिल वेगळं. कर हा मिळकतीवरचा पहिला बोजा असतो. म्हणजे घर विकायला निघालात, वारसांच्या नावावर करायला गेलात किंवा बँकेत तारण ठेवायला गेलात, की थकबाकी समोर उभी राहते. त्याआधी जप्तीची नोटीस येऊ शकते, नळ तोडला जाऊ शकतो. मेसेज लिहिणाऱ्याला यातलं काही भोगावं लागणार नाही. भोगेल ती त्याच्यावर विश्वास ठेवणारी माणसं, आणि त्यात बहुतेक जण महिन्याच्या पेन्शनवर जगणारे.

या अफवेचं मूळ कुठं असावं याचा अंदाज येतो. महापालिका अधूनमधून अभय योजना जाहीर करते. पण त्यात सूट मिळते ती शास्तीत. मूळ कर पूर्ण भरावा लागतो, तोही योजनेच्या मुदतीत. थकवणाऱ्याला सवलत आणि वेळेवर भरणाऱ्याच्या पदरात काही नाही, हा अन्याय आहे असं मलाही वाटतं. पण शास्तीतली सवलत वेगळी आणि करमाफी वेगळी.

कर थकवून महापालिकेला धडा शिकवता येईल हेही खरं नाही. पंधराव्या वित्त आयोगानं शहरांच्या अनुदानाला ज्या अटी घातल्या, त्यात मालमत्ता कराची वसुली राज्याच्या अर्थव्यवस्थेच्या वाढीच्या बरोबरीनं वाढली पाहिजे, ही एक होती. वसुली पडली की फटका अनुदानाला, आणि अनुदान अडलं की पाइपलाइन आणि कचऱ्याच्या कामाला. बिल न भरता आपण आपल्याच नळाचं पाणी मागं ढकलतो.

आता "तपासणारा कायदाच नाही" हा मुद्दा. त्याच महानगरपालिका अधिनियमानं आयुक्तांवर दरवर्षी मागच्या वर्षाच्या कारभाराचा अहवाल आणि जमाखर्चाचं पत्रक तयार करायची जबाबदारी टाकली आहे. महापालिकेला स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो, आणि शिवाय राज्याच्या वित्त विभागाखालची स्थानिक निधी लेखापरीक्षा आहे. 2015 चा लोकसेवा हक्क कायदा तर थेट दंडापर्यंत जातो. जन्मदाखला, मालमत्ता कराचा उतारा, नळजोडणी अशा अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत दिल्या नाहीत, तर जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. मेसेजवाल्यानं यातलं एकही नाव ऐकलेलं दिसत नाही.

पण सगळ्यात महत्त्वाचा कागद दुसराच आहे, आणि तो प्रत्येक सोलापूरकरानं एकदा तरी चाळावा. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं 2008 मध्ये सेवास्तर मानकांची पुस्तिका काढली. पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा आणि पावसाळी पाण्याचा निचरा या चार सेवांसाठी मिळून 28 मानकं. त्यात पाण्याची नऊ. घरोघरी नळजोड 100 टक्के, माणशी रोज 135 लिटर, मीटर 100 टक्के, हिशोबाबाहेर जाणारं पाणी (गळती वगैरे) 20 टक्क्यांच्या आत, पुरवठा 24 तास, तक्रारींपैकी 80 टक्के तक्रारींचं निवारण एका दिवसात, अशी उद्दिष्टं आकड्यांत लिहिलेली आहेत. तेराव्या वित्त आयोगानं 2010 ते 2015 या काळात अनुदानाची अटच घातली होती की या चार सेवांचं चालू वर्षातलं काम आणि पुढच्या वर्षाचं उद्दिष्ट राज्याच्या राजपत्रात छापलं पाहिजे. राजपत्र आयुक्तांच्या केबिनमध्ये बंद नसतं.

आता ही मानकं आपल्या नळाला लावून बघा, म्हणजे त्यांची ताकद कळेल. सोलापुरात वर्षानुवर्षं तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी येतं. पुस्तिकेप्रमाणं पुरवठ्याचे तास रोजच्या सरासरीत मोजायचे असतात. चार दिवसांतून एकदा दोन तास पाणी आलं, तर उत्तर "दोन तास" नाही, रोज अर्धा तास. आणि तो अर्धा तासही दाबाचा हवा. नळजोडाच्या तोंडाशी किमान 7 मीटर दाब असेल तेच पाणी धरायचं, म्हणजे एकमजली घराला मोटारीशिवाय पोहोचेल एवढं. विडी घरकुलात किंवा जुळे सोलापुरात ज्या घरांत मोटार लावल्याशिवाय बादली भरत नाही, तिथला तो तास या मोजणीत बसतच नाही. गल्लीगल्लीतल्या बायका वर्षानुवर्षं जे सांगत आल्या, ते या पुस्तिकेत मोजायच्या नियमाच्या रूपात आहे.

माणशी लिटरच्या आकड्याचंही तसंच. उजनीहून आणलेल्या समांतर जलवाहिनीची क्षमता 170 एमएलडी, म्हणजे दिवसाला 17 कोटी लिटर. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. दहा लाख धरली तरी कागदावर माणशी 170 लिटर होतात, मानकापेक्षा जास्त, आणि त्यात टाकळी-औज आणि हिप्परगा या शहराच्या दुसऱ्या स्रोतांचं पाणी धरलेलंही नाही. म्हणून "जलवाहिनी झाली म्हणजे उद्दिष्ट गाठलं" असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. सुमारे 110 किलोमीटरची वाहिनी हे काम आहे. घरात रोज पाणी येणं हा परिणाम आहे. मधे टाक्या आहेत, 1992 च्या हद्दवाढीत आलेल्या भागातलं अंतर्गत जाळं आहे, गळती आहे. पाणी नेमकं कुठं अडतं हे कळायला लिटर, तास, दाब आणि गळती हे चारही आकडे शेजारी ठेवून वाचावे लागतात.

आकडे खोटे असतील तर काय, हा प्रश्न रास्त आहे, आणि पुस्तिकेनं तो आधीच विचारलेला आहे. प्रत्येक आकड्यासोबत त्याच्या भरवशाचा दर्जा लिहायचा असतो, ए पासून डी पर्यंत. प्रत्यक्ष मोजून, नोंदी ठेवून काढलेला आकडा ए, अंदाजपंचे काढलेला डी. जिथं घरगुती नळांना मीटरच नाहीत, तिथं गळती अमुक टक्के आहे असं छातीठोकपणे सांगणाऱ्या आकड्याशेजारी कुठलं अक्षर आहे ते आधी बघा. हे अक्षर ना बातमीत येतं ना भाषणात, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. कामगिरी मोजली जात नाही हे खोटं आहे. ती कच्ची मोजली जाते आणि पक्की म्हणून सांगितली जाते, हे मात्र बऱ्याच ठिकाणी घडतं.

प्रशासकांच्या काळाबद्दल मेसेजमध्ये अर्धं सत्य आहे, ते मान्य करावं लागेल. 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि निवडणूक वेळेवर झाली नाही. राज्यघटनेचं कलम 243-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे. ते पाळलं गेलं नाही. ना सर्वसाधारण सभा, ना स्थायी समिती, ना आपल्या प्रभागाचा प्रश्न उभं राहून विचारणारा नगरसेवक. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी, म्हणजे प्रशासक. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांवर खुलासा मागायचा तो स्वतःकडूनच. ही तूट मोठी होती, आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. तरीही त्या वर्षांचं लेखापरीक्षण, अंदाजपत्रक आणि माहिती अधिकार यांपैकी काहीच रद्द झालं नव्हतं. त्या काळातली प्रत्येक फाइल आजही मागता येते.

दुसरं अर्धं सत्य मेसेजवाल्याच्या लक्षातही आलेलं नाही: सेवास्तर मानक चुकलं म्हणून कुणाची नोकरी जात नाही. 135 लिटर न दिल्याबद्दल दंडाची तरतूद नाही. मोजणी आहे, तिच्यामागे सक्ती कमी आहे. यावर जरूर भांडावं.

क्रमांक विकत मिळतात, याला मेसेजमध्ये एक ओळीचाही पुरावा नाही, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही. एवढंच सांगतो की स्वच्छ सर्वेक्षणात नागरिकांच्या अभिप्रायाला गुण असतात. ते आपलेच असतात, आणि आपण बहुतेक जण ते देत नाही.

ज्यांना खरंच जाब विचारायचाय त्यांनी बिल भरून पावती जपून ठेवावी आणि माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. "पाणी का येत नाही" असं मोघम विचारू नका, उत्तरही मोघमच येईल. असं विचारा: गेल्या तीन आर्थिक वर्षांत पाणीपुरवठ्याच्या नऊ सेवास्तर मानकांचं उद्दिष्ट काय होतं, साध्य काय झालं आणि प्रत्येक आकड्याचा भरवशाचा दर्जा काय नोंदवला, आमच्या झोनमध्ये पुरवठ्याचे तास आणि दाब कुठल्या जागी, कुणी, कधी मोजला, त्या नोंदवहीची प्रत द्या, लेखापरीक्षणातले किती आक्षेप अजून प्रलंबित आहेत. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांच्या आत 20 रुपयांच्या शुल्कात पहिलं अपील करता येतं.