खाडा कोण भरून देणार?

गेल्या रविवारी कोल्हापूरहून चुलतभावाचा फोन आला. "दादा, तू लांबून बघतोस, तूच सांग, खरा महाराष्ट्र केसरी कोण?" 2025च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळने गदा उचलली, पुढच्याच महिन्यात कर्जतला वेताळ शेळकेने. संघटनेत फूट पडली म्हणून एका वर्षात दोन केसरी. गावात अजून त्यावरून वाद रंगतात.

मी लीड्सला राहतो. हेडिंग्ली म्हटलं की आपल्याला कसोटी क्रिकेट आठवतं, पण त्याच स्टँडच्या पलीकडच्या अंगाला रग्बी लीगचं मैदान आहे. चॅलेंज कप या रग्बी लीगच्या स्पर्धेचा पहिला अंतिम सामना तिथेच झाला, 24 एप्रिल 1897 रोजी. तो कपही फुटीतूनच जन्मला.

ऑगस्ट 1895 मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडमधले क्लब जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. कारण होतं खाडा. त्यांचे खेळाडू खाणीत नाहीतर गिरणीत राबणारे. शनिवारीही अर्धा दिवस पाळी असायची. लांबच्या गावी सामना असला की रोज बुडायचा. तो बुडालेला रोज भरून द्या, एवढंच मागणं, आणि फुटल्यावर त्यांनी त्यासाठी दिवसाला सहा शिलिंग ठरवले. वरच्या साहेबलोकांनी 1893 मध्येच ते धुडकावलं होतं. परवडत नसेल तर खेळू नका, असा एकूण सूर.

कपाचा पहिला हंगाम ओढाताणीचाच होता. अंतिम सामन्यात सेंट हेलन्सच्या गड्यांच्या अंगावर एकसारख्या जर्सीसुद्धा नव्हत्या. तेरा हजारांवर माणूस बघायला आलेला, आणि मैदानात एकाचा रंग दुसऱ्याशी जुळेना. बॅटलीने 10-3 असा सामना मारला. मला त्या विजोड जर्सींचं फार अप्रूप वाटतं. एवढ्या तंगीतही माणसाचा बुडालेला दिवस त्यांच्या हिशेबात होता.

म्हणून फूट पडली याचं मला तेवढं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की आपल्या फुटीत मान्यता कुणाला, अध्यक्ष कोण, गदा कुणाच्या हातून, हे सगळं ऐकू येतं; पैलवानाच्या खाड्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. इथेही सगळं आलबेल आहे असं नाही. बॅटलीचा संघ अजून आपल्या जुन्याच उतरत्या मैदानावर खेळतो आणि तिथले खेळाडू आठवडाभर दुसरीकडे नोकरी करतात. पण खेळण्याचे पैसे घेतो म्हणून त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही.

भावाचा पोरगा एकोणीस वर्षांचा, तालमीत चांगला तयार झालाय. दूध, तूप, बदाम, सगळा खुराक भावाच्या पगारातून. मी म्हटलं, "केसरी कोण ते राहू दे. दोन्हीकडच्या लोकांना विचार, पोराचा खाडा कोण भरून देणार?"

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, त्याला कारखान्यावर चिकटवलाय. हंगाम आहे तोवर रात्रपाळी. सकाळी तालमीत जायला अंगात काय उरत नाही त्याच्या."