कोण शालू?

2021 च्या मार्चमधल्या एका शनिवारी मी इंदूरच्या मारोठिया बाजारात जायफळ आणायला गेले आणि दंड भरून परत आले. जायफळ राहिलंच. दुसऱ्या दिवशी होळी, आणि पुरणात जायफळ नसलं की आमच्याकडे त्याला गोड वरण म्हणतात, म्हणून जाणं भाग होतं. रविवारी जाता येत नव्हतं. कोरोनामुळे 21 मार्चपासून इंदूर, भोपाळ आणि जबलपूरला दर रविवारी लॉकडाऊन होता. गर्दी होऊ नये म्हणून रविवार बंद, आणि रविवार बंद म्हणून शनिवारी अख्खं इंदूर राजवाड्यावर. ही योजना ज्यांनी आखली त्यांनी होळीच्या आदल्या दिवशी कधी स्वतः पिशवी घेऊन बाजार केला असेल असं वाटत नाही.

मी नियमाने वागणारी बाई आहे, हे आधीच सांगून ठेवते. 23 मार्चला मास्कचा संकल्प करा म्हणून राज्यभर सकाळी 11 ला आणि संध्याकाळी 7 ला भोंगा वाजवला, तेव्हा मी गॅस बंद करून, हातातला झारा खाली ठेवून उभी राहिले होते. स्वयंपाकघरात मला कोण बघत होतं? तरी उभी राहिले. तर अशी मी, एन-95 लावून, नाकावरची पट्टी दाबून बाजारात शिरले आणि चार पावलांत चष्म्यावर धुकं आलं. गरम श्वास मास्कच्या वरच्या फटीतून निसटतो, काचेला लागतो आणि तिथे त्याचं पाणी होतं. पट्टी नाकाच्या हाडावर घट्ट बसली तर असं होत नाही म्हणतात. पण पट्टी बनवणाऱ्यांनी माझ्या माहेरचं नाक पाहिलेलं नाही.

त्या धुक्यातून एक हात आला आणि माझ्या दंडावर पडला.

"अगं शालू! केव्हाची आवाज देते आहे मी तुला! गोपाळ मंदिरापासून मागे मागे येते आहे."

समोर एक जांभळी साडी होती, तिच्यावर एक पांढरा मास्क होता, बाकी काही दिसत नव्हतं. दो गज की दूरी कधीच दोन बोटांवर आली होती. आता वाचणारा म्हणेल, तेव्हाच का नाही सांगितलं, बाई, मी शालू नव्हे म्हणून? हे विचारणारा इंदूरचा नसणार. इंदूरच्या मराठी मंडळींत कुणालाही 'मी तुम्हाला ओळखलं नाही' असं म्हणता येत नाही. त्या बाईंची नणंद तुमच्या जावेच्या वर्गात असते, आणि 'तिला हल्ली माणसं ओळखू येत नाहीत' ही बातमी दिवेलागणीच्या आत रामबागेतून सुदामानगरात पोचते. आधी खुशाली विचारायची, मग बोलता बोलता समोरचं माणूस कोण ते काढून घ्यायचं, अशी आपली रीत आहे.

म्हणून मी म्हटलं, "अय्या काकू! कशा आहात?"

"मी बरी आहे. पहिलं इंजेक्शन झालं माझं. हात दुखला दोन दिवस, मग चालून गेलं. तू सांग, पातेलं कुठे आहे?"

"कुठलं पातेलं?"

काकूंनी मास्क हनुवटीवर ओढला. हे मला कळत नाही. माणसं दिवसभर मास्क नीट घालतात, गप्प असताना अगदी काटेकोर घालतात, आणि बोलायचं झालं की खाली ओढतात. म्हणजे ज्या क्षणासाठी तो लावायचा नेमका तोच क्षण सोडून बाकी सर्व वेळ तो लावलेला असतो. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ तर शिंक आली की मास्क काढतात. खराब होतो म्हणतात.

"कुठलं म्हणजे? पितळेचं! कल्हईचं! काठावर सासूबाईंचं नाव घातलेलं! पोराच्या मुंजीत नेलंस, आठवतं का? मग कोरोना आला. मी म्हटलं, जाऊ दे, लॉकडाऊन आहे, बिचारी कशी आणून देईल. मग अनलॉक झालं. एक झालं, दोन झालं, तीन झालं. अनलॉक पाचपर्यंत मी वाट पाहिली, शालू."

केंद्राने अनलॉकचे टप्पे कशासाठी केले होते ते माहीत नाही, पण पातेल्याचा हिशेब त्यांच्यावर इतका नेमका बसलेला पाहून मला आदरच वाटला. तरी म्हटलं, आता पुरे.

"काकू, मी शालू नाही हो."

"हे बघा! पातेल्याचं नाव काढलं की शालू नाही! आत्ता तर अय्या काकू करत होतीस."

"मास्कमुळे घोळ झाला असेल. मास्कमध्ये सगळ्या सारख्याच दिसतात."

"आवाज तर तोच आहे."

"एन-95 मधून सगळ्यांचा आवाज असाच येतो."

"आणि ही पर्स? ही मीच दिली होती तुला संक्रांतीच्या वाणात." त्यांनी माझी पर्स धरली. धरली म्हणजे तपासायला हातात घेतली. ती मी जेल रोडवरून घासाघीस करून घेतलेली, तिच्यासाठी मी एका माणसाला त्याच्या मुलाबाळांची आठवण करून दिलेली. ती पर्स एकदम वाणाची झाली.

इतक्यात ज्याच्या दुकानापुढे आम्ही उभ्या होतो तो किराणेवाला या खटल्यात उतरला. जायफळ मी त्याच्याकडेच घेणार होते. त्याने आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, "दे दो ना भाभीजी. बर्तन का क्या है. बुजुर्ग हैं."

"भैया, मैं वो हूँ ही नहीं जिसको ये ढूँढ रही हैं."

"अरे, पिछली बार भी तो आप ही आई थीं इनके साथ," तो म्हणाला. कुठली पिछली बार? त्याला माझे फक्त दोन डोळे दिसत होते, तेही धुकट काचेमागे. पण इंदूरला साक्षीदारांचा तोटा कधीच पडत नाही. भांडण कुणाचंही असो, दहा पावलांवरचा माणूस त्यात पहिल्यापासून हजर असतो आणि दोन्ही बाजूंना 'भिया, छोड़ो ना' म्हणत म्हणत ते तासभर चालवतो. 2020 च्या 22 मार्चला, जनता कर्फ्यूच्या संध्याकाळी, घराच्या दारात-गच्चीत थाळ्या वाजवा असं सांगितलं होतं. आमची माणसं थाळ्या घेऊन मिरवणुकीने राजवाड्यावर आली. घरात बसण्याचा आनंद साजरा करायला घराबाहेर पडलेलं हे शहर आहे. याच शहराने तोवर सलग चार वेळा स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढला होता, ओला कचरा आणि सुका कचरा झोपेतसुद्धा वेगळा करून दाखवेल, पण एक बाई आणि दुसरी बाई मात्र त्याला वेगळी करता येत नाही.

मागे रांग लागली होती. कुणीतरी म्हणालं, "ताई, देऊन टाका आणि पुढे व्हा." मराठीत म्हणालं. म्हणजे आता समाजापर्यंत गेलं.

"थांबा काकू," मी म्हटलं, "चेहराच बघा माझा." आणि मास्क खाली केला.

काकूंनी निरखून पाहिलं. अगदी जवळ येऊन, डावीकडून, मग उजवीकडून. मग त्यांच्या डोळ्यांत माया आली.

"किती बारीक झालीस गं! झाला होता का तुला?"

आणि माझ्या उजव्या कानाशी आवाज आला, "मैडम, मास्क!"

दंड करणारं पथक उसाच्या रसाच्या गाडीपलीकडे उभं होतं. त्यातल्या पोराने आधी फोटो काढला, मग पावतीपुस्तक. मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा मास्क जागेवर होता. पथक दिसताच तो हनुवटीवरून नाकावर कधी गेला ते मला कळलंही नाही; हा सराव आहे. आणि मास्क तरी कसला, पुढे झडप असलेला. झडपेतून बाहेर पडणारी हवा गाळलीच जात नाही, असले मास्क वापरू नका, असं केंद्राच्या आरोग्य खात्याने 2020 च्या जुलैतच सगळ्या राज्यांना कळवलं होतं. हे मी त्या पोराला समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि विचारलं, "नाम?"

मी तोंड उघडायच्या आत काकूंनी नाव सांगितलं. शालूचं पूर्ण नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, वर मोहल्ला. आडनाव मी इथे देत नाही. ती बाई वाचत असायची.

"ये मेरा नाम नहीं है."

पोराने माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "आंटी आपको जानती हैं ना?"

"बचपन से," काकू म्हणाल्या. आता हे कुठून आलं? शालू सून आहे की माहेरवाशीण, हेही अजून कळलं नव्हतं.

"फिर मैडम, झूठ क्यों बोल रही हैं? चालान से बचने के लिए नाम बदलते हैं लोग. आधार है?"

आधार घरी होतं. आणि असतं तरी काय. त्यावरचा फोटो पाहून आमच्या घरचेसुद्धा मला शालूच म्हणतील. माझ्या एन-95 ची पट्टी, माझा संकल्प, ऑफ केलेला गॅस, काही उपयोगी पडलं नाही. सबंध बाजारात बोलताना मास्क वर ठेवणारी बहुधा मी एकटीच होते आणि पावती माझी फाटत होती. माझी म्हणजे शालूची. पोराचा स्वतःचा मास्क नाकाच्या खाली होता.

राग मला त्या पोराचा नाही. त्याला दिवसभर उन्हात उभं राहून माणसं पकडायची असतात, आणि पकडता येण्यासारखी माणसं म्हणजे जायफळ घ्यायला आलेल्या बाया. 2020 च्या सप्टेंबरात राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री याच इंदुरात येऊन, मी कुठल्याच कार्यक्रमात मास्क घालत नाही, त्यात काय होतं, असं पत्रकारांना सांगून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खेद व्यक्त केला आणि मास्क लावीन म्हणाले. झालं. तिथे खेदावर भागतं. 1918 च्या साथीत सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती होती आणि तिथला महापौरच बॉक्सिंगच्या सामन्यात बिनमास्कचा फोटोत सापडला, तेव्हा त्याच्याकडून दंड वसूल केला होता. आपल्याकडे दमोहला 17 एप्रिलला पोटनिवडणूक होती, सभा होणारच होत्या. तिथे रविवार कधी उजाडतो ते बघायचं होतं. मी खेद व्यक्त केला असता तर चाललं असतं का, हे विचारायचं मात्र तेव्हा सुचलं नाही. अशा वेळी माझं डोकं नेहमी घरी पोचल्यावर चालतं.

"किती झाले?" काकू पोराला म्हणाल्या आणि बटवा उघडला. "मी देते."

"नाही काकू, कशाला?"

"गप्प बस. माझ्यामुळे झालं. मी देते."

"अहो नको, मी देते ना."

"मी मोठी आहे. मी देणार."

हॉटेलच्या बिलावरून होते तशी झटापट दंडावरून झाली. पथक थांबलं होतं, रांग थांबली होती, किराणेवाला 'लेने दो ना भाभीजी, प्यार से दे रही हैं' म्हणत होता. काकूंनी बटव्यातून एकेक वस्तू काढली: रुमाल, लवंगांची डबी, इंजेक्शनचा कागद, किल्ली. शेवटी बटवा झटकून म्हणाल्या, "सुटे नाहीत गं. आत्ता तू दे. पुढच्या वेळी मी."

पुढच्या वेळी!

पैसे दिले. पावतीबरोबर एक कापडी मास्क फुकट मिळाला. 2020 च्या एप्रिलमध्ये सरकारने जीवनशक्ती योजना काढली होती आणि शहरातल्या बायका घरी बसून 11 रुपयांना एक याप्रमाणे सुती मास्क शिवत होत्या. शिलाई पाहून हा त्यातलाच वाटला, चांगला दुहेरी, टीप सरळ. मी हात पुढे केला, पण काकूंनी तो आधीच घेतला. "तुझ्याकडे आहे ना चांगला," म्हणाल्या आणि बटव्यात टाकला. जाताना पुन्हा वळल्या.

"पाडव्याच्या आत आण हं. स्टीलमध्ये पुरण खाली लागतं माझं."

किराणेवाल्याकडे मग मी जायफळ घेतलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता. होळीच्या पुरणात वेलची जास्त घातली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्याचाही मला थोडा राग आला. घरी सगळी हकीकत सांगितल्यापासून नवरा 'शालू, चहा टाकतेस का' असं म्हणतो आणि स्वतःच हसतो. मुलाने तर फोनमध्ये माझं नाव बदलून ठेवलं आहे.

तेव्हा शालूबाई, तुम्ही कुठे असाल तिथे ऐका. तुमच्या नावाची पावती माझ्याकडे आहे, फोटो माझा असला तरी गुन्हा तुमच्या खात्यावर आहे, म्हणून यापुढे तुम्ही तरी मास्क जपून घाला. दंडाचे पैसे मला पाठवून द्या. पातेलं काकूंना द्या, पाडव्याच्या आत, कल्हई करून. आणि काठावर नाव आहे, तेव्हा 'हे आमचंच' म्हणायला जाऊ नका.