अस्सल बी ओळखण्याच्या नादी लागू नका

चिनी औषधांच्या बाजारात जाणार असाल तर मन मोठं ठेवून जा. हेबेई प्रांतात आनग्वो नावाचं गाव आहे. तिथे औषधराजाचं देऊळ आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा औषधी मालाचा बाजारही. गवत आनग्वोला पोचलं की औषध होतं, अशी तिथली म्हण. ती अक्षरशः खरी माना. गवताचं औषध होतं, तर मसुरीचं का होऊ नये?

होय, आपली आमटीतली अख्खी मसूर. झोप न येणाऱ्यांना चिनी वैद्य स्वान-झाओ-रन देतात, म्हणजे एका काटेरी रानबोराच्या आठळीतलं बी. हान काळातल्या जांग जोंगजिंग या वैद्याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी त्याचा काढा लिहून ठेवला, तो आजही चालतो. आता हे बी मिळवायचं म्हणजे डोंगरात काटे खात बोरं वेचा, गर काढा, आठळ्या फोडा आणि टरफलातून बी निवडा. एवढ्या उठाठेवीनंतर भाव चढणारच. तुम्ही मात्र भाव ऐकून कपाळाला आठ्या घालायच्या आणि ‘जरा बघा की’ म्हणायचं. व्यापारी भला असतो, तो लगेच दुसरं पोतं उघडतो.

दुसऱ्या पोत्यात बहुधा ली-झाओ-रन असतं, नाहीतर अस्सल बी म्हणून खपवलेली आपली ती मसूर. चीनच्या युन्नान प्रांतातून आणि म्यानमारकडून येणारं हे ली-झाओ-रन कुणा परक्याचं नव्हे. संक्रांतीला बोरन्हाणात आपण लेकरांच्या डोक्यावर ओततो, त्याच बोराच्या जातीचं. तेव्हा आपुलकीने घ्या. अस्सल बी जांभळट लाल ते जांभळट तपकिरी असतं आणि त्याच्या चपट्या बाजूवर मधोमध बहुधा एक उभी उठावदार रेघ असते. ली-झाओ-रन पिवळट तपकिरीकडे झुकतं, त्याला ती रेघ नसते. म्हणून रेघ बघतच बसू नका. फक्त रंग बघा, कारण रंग लावता येतो. ओलं बोट बियांवर फिरवणं टाळा. बोट लाल झालं तर उगाच दोघांची पंचाईत. मसुरीची शंका आली तर साल तर मुळीच सोलू नका, आत सरळ डाळ दिसते.

मूत्रपिंडाला बळ म्हणून थू-सी-झी देतात, त्या अमरवेलीच्या बिया. आकार मोहरीहून लहान, त्यामुळे मातीच्या बारीक गोळ्या वळून त्यात सहज मुरवता येतात. खरं-खोटं करायला लागतं फक्त उकळतं पाणी. अस्सल बी भिजलं की बुळबुळीत होतं आणि उकळत ठेवलं की साल फाटून आतला वेटोळ्याचा पिवळसर गर्भ धाग्यासारखा बाहेर डोकावतो. माती मात्र विरघळते आणि पाणी गढूळ करते. चीनमध्ये गरम पाण्याचा थर्मास जवळपास प्रत्येक दुकानात असतो, म्हणजे परीक्षा फुकट आणि हाताच्या अंतरावर. तरीही त्या पाण्याचा चहाच घ्या. मातीशी नातं टिकवणंही आरोग्याला चांगलं.

एक सल्ला मात्र उलटा वाचू नका. सूज उतरवायला देतात ती ची-श्याओ-दोउ नावाची लालसर कडधान्याची बी असते, आणि तिच्या नावाखाली चीनमध्ये गुंजा खपल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे सोनाराच्या तराजूत बसलेली तीच गुंज, अर्धी-पाऊण लाल आणि टोकाला काळी. चावली गेली तर एखाद-दुसरी गुंजही जिवावर बेतू शकते. काळा ठिपका दिसला की पोतं तिथेच सोडा.

बाकी निश्चिंत असा. औषधांचे निकष ठरवणारा अधिकृत चिनी औषधकोश पहिल्यांदा 1953 मध्ये निघाला आणि पुढे फुगतच गेला. स्वान-झाओ-रनमध्ये जुजुबोसाइड ए हे बियांतलं रसायन किमान 0.030 टक्के हवं, स्पायनोसिन हे दुसरं किमान 0.080 टक्के हवं आणि टरफलं वगैरे कचरा 5 टक्क्यांच्या वर नको, असं त्यात छापलेलं आहे. छापलेलं आहे म्हटल्यावर पोत्यातही असणारच. नमुना पोत्याच्या तोंडाशीच घ्या, कोपरापर्यंत हात घालू नका, बाही मळते.

शेवटी दुकानदार विचारेल, ‘कुटून देऊ का?’ पटकन हो म्हणा. हे बी कुटूनच उकळायचं असतं, त्यात त्याचं काही चुकत नाही. पूड झाली की रेघ, रंग, डाळ, टरफल या सगळ्या कटकटी मिटतात. रात्री काढा घ्या. छताकडे बघत पहाट झाली तर मात्रा कमी पडली असं समजा आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट माल न्या. आता तुम्ही ओळखीचे झालात, भाव तो आणखी उतरवून देईल.