नॉटिंगहॅमचा शेरीफ: फिरत्या मेसेजमध्ये काय चुकलंय

‘रॉबिन हूडच्या काळात नॉटिंगहॅम शहराचा शेरीफ म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, पुढे हे पदच बंद झालं,’ असा मेसेज सध्या फिरतोय. यातली एकही गोष्ट धड नाही.

इंग्लंडच्या ज्या रिचर्ड आणि जॉन राजांच्या काळात रॉबिन हूड या लुटारू नायकाच्या दंतकथा घडतात, तेव्हा शहराला स्वतःचा शेरीफ नव्हताच. नॉटिंगहॅमशायर आणि डर्बीशायर या दोन काउंट्यांना (म्हणजे जिल्ह्यांना) मिळून एक शेरीफ असे, आणि ही जोडी सोळाव्या शतकापर्यंत टिकली. शहराला आपले शेरीफ मिळाले 1449 मध्ये, सहाव्या हेन्रीच्या सनदेने. तेही एक नव्हे, दोन.

पोलीसप्रमुख म्हणणंही अपुरंच. हा राजाचा काउंटीतला कारभारी: महसूल वसूल करणार, न्यायसभा भरवणार, गरज पडली तर फौजही जमवणार. एवढी सत्ता एका हाती आल्यावर लोक चिडणारच. जॉनचा शेरीफ फिलिप मार्क इतका नकोसा होता की 1215 च्या मॅग्ना कार्टाच्या, म्हणजे राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या, 50व्या कलमात त्याचं नाव घेऊन हकालपट्टी लिहिली गेली. गंमत म्हणजे तरीही तो बरीच वर्षं खुर्चीवर राहिला! मात्र दंतकथेतला खलनायक तोच, असं ठामपणे सांगता येत नाही.

पद बंदही झालेलं नाही. 1974 पासून काउंटीच्या शेरीफला ‘हाय शेरीफ’ म्हणतात. नेमणूक एका वर्षाची, बिनपगारी आणि मुख्यतः मानाची, साधारण मुंबईच्या शेरीफपदासारखी. शहराचा शेरीफ वेगळा.